वादळग्रस्तांसाठी मंडळीने काय करावं: ट्रक भरण्याआधी एक फोन

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली सुमारे दोनशे माणसांची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एक चर्च. गल्फ किनाऱ्यावर, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या काठी, चक्रीवादळ आलं की उपासनेनंतर घोषणा होते, दालनात कपड्यांचे ढीग जमतात, कोणीतरी ट्रक काढतं आणि दोन-तीन आठवड्यांत विषय मागे पडतो. यंदा पाळकांनी मदतकार्याची जबाबदारी मंडळीतल्या एका बहिणीवर सोपवली आहे. त्यांनी विचारलंय: सामान पाठवावं, पैसे पाठवावे की माणसं न्यावीत? आणि सुरुवात कशापासून करावी?

लुईझियाना आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर वादळानंतर घरं साफ करणाऱ्या आणि पुन्हा उभी करणाऱ्या मंडळ्यांच्या तुकड्यांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते: सुरुवात तिथल्या एका मंडळीपासून करा. जिथे वादळ आलं त्या गावातलं एक चर्च शोधा, त्याच्या पाळकांशी बोला, त्यांना काय हवंय ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि किमान दोन वर्षं त्यांचा हात सोडू नका. सामान, पैसे, माणसं हे सगळं त्यानंतर ठरतं.

यात नवीन काही नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ११ काढून पाहा. दुष्काळ येणार हे कळल्यावर अंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदीयातल्या बांधवांसाठी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे मदत जमवली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती तिथल्या वडिलांकडे, म्हणजे मंडळीच्या नेत्यांकडे, पोचवली. एका मंडळीने दुसऱ्या मंडळीच्या वडिलांकडे दिली. घरोघरी कोणाची काय अवस्था आहे हे वडिलांना ठाऊक होतं, अंत्युखियाला नव्हतं. आजही तसंच आहे. कोणती आजी एकटी राहते, कोणाच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं, कोणाची मच्छीमार बोट बुडाली पण तो कोणापुढे हात पसरणार नाही, हे तिथल्या पाळकांना माहीत असतं. टेनेसीतून ट्रक घेऊन येणाऱ्याला ते दिसत नाही.

आता सामानाबद्दल. जुने कपडे पाठवू नका. हे कठोर वाटेल, कारण ज्यांनी कपाट उघडून ते दिले त्यांच्या मनात प्रेमच असतं. पण आलेला प्रत्येक खोका उघडायला, बघायला, मापाप्रमाणे लावायला आणि कोरड्या जागी ठेवायला माणसं लागतात. वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यात नेमकी तीच माणसं आणि तीच कोरडी जागा कमी असते. चर्चच्या पार्किंगमध्ये कपड्यांचे ढीग पावसात भिजतात आणि शेवटी ते उचलून टाकण्याचा खर्च त्याच गावावर पडतो. आपत्तीच्या कामातली माणसं न मागता आलेल्या सामानाला दुसरी आपत्ती म्हणतात ती उगाच नाही. पाण्याचंही असंच. एक गॅलन पाणी आठ पौंडांहून थोडं जास्त भरतं. बाटल्यांचं एक पॅलेट, म्हणजे लाकडी फळीवर रचलेला गठ्ठा, एक टनाच्या घरात जातं आणि ते उतरवायला फोर्कलिफ्ट लागते. समोरच्याकडे ती आहे का, हे आधी विचारायला हवं.

सामानच द्यायचं असेल तर ठरलेल्या यादीचं द्या. युनायटेड मेथडिस्ट चर्चची मदतसंस्था अमकोर गेली कित्येक वर्षं सफाईच्या बादल्या गोळा करते. झाकणाची पाच गॅलनची बादली, आत साबण, घासायचा ब्रश, स्पंज, कामाचे हातमोजे, मास्क, कचऱ्याच्या पिशव्या, दोरी, चिमटे. प्रत्येक बादली अगदी सारखी, म्हणून उघडून तपासण्यात वेळ जात नाही आणि घरात चिखल झालेल्या माणसाला ती त्याच दिवशी उपयोगी पडते. मुलांच्या रविवारच्या शाळेला हे काम द्या. चक्रीवादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो, तेव्हा बादल्या मे महिन्यातच भरून ठेवलेल्या बऱ्या. यादी मात्र तंतोतंत पाळा, त्यात आपल्या मनाची भर घालू नका.

पैशाचा प्रश्न लोक टाळतात, म्हणून त्यावर जरा थांबते. पहिल्या महिन्यात पैसा सर्वांत उपयोगी. तो भिजत नाही, त्याला गोदाम लागत नाही, आणि तिथली दुकानं उघडली की त्यांच्याकडूनच खरेदी झाल्याने गावाचा व्यवहार सुरू व्हायला मदत होते. पण अर्पण गोळा करण्याआधी तीन गोष्टी वडीलमंडळाने लेखी ठराव करून नक्की कराव्या.

एक, निधी वेगळा ठेवायचा आणि हेतूचे शब्द नीट निवडायचे. 'अमुक वादळाच्या पीडितांसाठी' एवढंच म्हटलं आणि पैसे उरले, तर ते पुढच्या वादळात वापरता येतील का यावर वाद होतो. म्हणून 'या वादळासाठी, आणि शिल्लक राहिल्यास पुढील आपत्तींसाठी' असं घोषणेतच म्हणा. दुसरं, एखाद्या सभासदाने 'हे पाचशे डॉलर माझ्या बिलॉक्सीच्या भाचीला द्या' असं सांगून दिलेले पैसे करसवलतीसाठी दान धरले जात नाहीत. कोणाला किती द्यायचं हे मंडळीनेच, गरज पाहून ठरवलं पाहिजे. आणि तिसरं, कोणाला, किती, कशासाठी आणि कोणत्या निकषावर दिलं याची नोंद ठेवा. २५० डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्याला करसवलत घ्यायला मंडळीची लेखी पोच लागते, ती खजिनदाराने वेळेवर द्यावी.

एवढ्या कागदांची गरज काय, असं कोणी विचारलंच तर करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८ दाखवा. यरुशलेमेसाठी जमवलेल्या मोठ्या देणगीबद्दल कोणी दोष लावू नये म्हणून पौलाने ती नेताना मंडळ्यांनी निवडलेले विश्वासू बांधव बरोबर घेतले. प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही जे चांगलं ते करण्याकडे लक्ष द्यायचं, असं तो सांगतो.

माणसं नेण्याबद्दल. वादळ आल्याच्या तिसऱ्या दिवशी गाडी काढून निघू नका. रस्ते बंद असतात, पेट्रोल नसतं, राहायला जागा नसते आणि तुमची तुकडीच गावाच्या डोक्यावरचा भार होते. अमेरिकेत मंडळ्यांनी हे काम फार पूर्वी वाटून घेतलं आहे आणि त्या घडीत शिरणं सोपं आहे. १९६९ च्या कॅमिल वादळात कितीतरी संस्था एकमेकींना न कळवता धावल्या. तो गोंधळ पाहून १९७० मध्ये स्वयंसेवी संस्थांचा राष्ट्रीय समन्वयमंच उभा राहिला. प्रत्येक राज्यात त्याची शाखा आहे. सदर्न बॅप्टिस्टांचं आपत्तीकार्य १९६७ च्या ब्यूला वादळापासून चालू आहे. पिवळ्या शर्टातली त्यांची माणसं मोठाली फिरती स्वयंपाकघरं चालवतात आणि ते जेवण बऱ्याचदा रेड क्रॉसच्या गाड्या घरोघर पोचवतात. मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस १९५० पासून आहे. घर नव्याने बांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी मी पाहिलेलं नाही. चर्च ऑफ द ब्रेदरन आश्रयछावण्यांतल्या मुलांना सांभाळायला प्रशिक्षित स्वयंसेवक पाठवतं. ॲडव्हेंटिस्ट मंडळी दानात आलेल्या सामानाची गोदामं सांभाळतात. तुमच्या संप्रदायाचं आपत्तीकार्य यात कुठेतरी असेलच. त्यांच्यामार्फत जा, त्यांचं एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण वादळाआधीच घ्या. स्वतंत्र मंडळी असाल तर यांपैकी कोणाच्या तरी हाताखाली काम करायला संकोच करू नका. घरमालकांच्या विनंत्या क्रायसिस क्लीनअप नावाच्या सामाईक नकाशावर नोंदवलेल्या असतात. तिथे काम उचललं की दुसरी तुकडी त्याच दारात येत नाही.

पाणी शिरलेल्या घरातलं काम कसं असतं, ते तुमच्या लोकांना निघण्याआधी खरंखरं सांगा.

पाणी उतरल्यावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. म्हणून भिजलेली गादी, गालिचा, भिंतीचा ड्रायवॉल (आतल्या बाजूचे जिप्समचे तक्ते) आणि त्यामागचं इन्शुलेशन (थंडी-उष्णता अडवणारा थर) बाहेर काढावं लागतं. पण सर्वांत आधी फोटो. प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, फ्रिज आणि वॉशिंग मशीनवरच्या मॉडेल नंबरांचे. विमा कंपनीचा माणूस अजून आलेला नसेल तर गालिचाचा आणि ड्रायवॉलचा एकेक तुकडा जपून ठेवा. हे न करता घर स्वच्छ केलं तर त्या कुटुंबाचा पुरावाच आपण कचऱ्यात टाकतो.

मग तोडकाम. ड्रायवॉल पाणी वर ओढतो, म्हणून पाण्याच्या रेषेच्या बराच वर कापतात. बहुतेक वेळा चार फुटांवर, कारण ड्रायवॉलचा तक्ता चार फूट रुंद असतो आणि नंतर तो आडवा, न कापता बसतो. सरळ रेषेत कापा. सहा महिन्यांनी बांधायला येणारी तुकडी तुम्हाला दुवा देईल. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या फरशांत ॲस्बेस्टॉस. तिथे जाणकार माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नका. कामाच्या वेळी एन-९५ मास्क, जाड तळव्याचे बूट, हातमोजे, आणि निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन. कचरा रस्त्याच्या कडेला वेगवेगळ्या ढिगांत लावायचा: फांद्या एकीकडे, बांधकामाचा माल दुसरीकडे, फ्रिज-शेगड्या वेगळ्या, रंग-रसायनं वेगळी. एकत्र केला तर पालिकेचा ट्रक तो उचलत नाही.

त्यानंतर येतो सर्वांत अवघड भाग, म्हणजे थांबणं. लाकडी सांगाडा वाळावा लागतो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. लाकडात ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आल्याशिवाय भिंत बंद करू नका. घरमालक घाई करतो, तुमच्या लोकांनाही 'पूर्ण झालेलं घर' बघून परतायचं असतं. पण ओल्या लाकडावर नवा ड्रायवॉल चढवला तर आत बुरशी वाढते आणि दम्याचं मूल त्याच खोलीत झोपतं. पहिल्या फेरीला गेलेल्या तुकडीला अर्धवट उघडं घर सोडून परत यावं लागेल, हे तिला आधीच समजावून सांगा.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. चेनसॉ फक्त प्रशिक्षित माणसाच्या हाती. पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणलेल्या असतात आणि कापताच उसळतात. छतावर ताडपत्री लावायला चढणाऱ्याला दोर बांधलेला हवा. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, दारं-खिडक्यांपासून दूर, गॅरेजमध्ये कधीच नाही. २०२० च्या लॉरा वादळात लुईझियानात समुद्राच्या उसळीपेक्षा जनरेटरच्या विषारी वायूने जास्त माणसं गेली. म्हणून घरोघरी जाणाऱ्या तुमच्या प्रत्येक जोडीने कार्बन मोनॉक्साइडचे बॅटरीवर चालणारे अलार्म बरोबर न्यावेत. बादलीइतकेच ते उपयोगाचे आहेत. मंडळीचा विमा राज्याबाहेरच्या अशा कामाला लागू होतो का, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्या.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते: स्वयंसेवकांचे तास लिहून ठेवा. नाव, तारीख, ठिकाण, काम, सुरुवातीची आणि संपल्याची वेळ, सही. मोडतोड उचलण्यासारख्या आपत्कालीन कामांचा खर्च फेमा, म्हणजे केंद्र सरकारची आपत्ती संस्था, किमान ७५ टक्के उचलते, उरलेला वाटा राज्याला आणि स्थानिक शासनाला भरावा लागतो. त्या वाट्यात स्वयंसेवकांच्या योग्य नोंदी असलेल्या श्रमांची किंमत धरता येते. तुमच्या तरुणांनी घाम गाळला त्याचे कागद काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या (लुईझियानात त्याला पॅरिश म्हणतात), आपत्ती कार्यालयात दिले, तर त्या गरीब गावाचे खरे डॉलर वाचू शकतात. कोणते तास धरले जातील ते त्या कार्यालयाला आधी विचारा आणि त्यांचाच तक्ता वापरा.

ज्यांना हातोडा झेपत नाही अशा सभासदांना घरी ठेवू नका. वादळानंतर घराइतकीच माणसं कागदांत अडकतात. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरलेलं नसतं. त्यासाठी वेगळा पूरविमा लागतो, आणि तो नसलेलेच लोक जास्त. २०२४ च्या हेलीन वादळात पाणी नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात शिरलं, तिथे तर पूरविमा घेतलेलं घर विरळाच. मग फेमाकडे अर्ज जातो आणि 'अपात्र' असं पत्र येतं. घाबरलेला माणूस ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकतो. पुष्कळदा त्या पत्राचा अर्थ एवढाच असतो की एखादा कागद कमी आहे: विमा कंपनीचं उत्तर, ओळखपत्र, तिथेच राहत असल्याचा पुरावा. अपिलाला ६० दिवस मिळतात. तुमच्या मंडळीतल्या निवृत्त हिशेबनीसाने, शिक्षिकेने किंवा वकिलाने फोनवर बसून ते पत्र त्या माणसाबरोबर शांतपणे वाचलं, तर नव्या छताइतकं काम होतं.

दक्षिणेत यातच एक जुनं दुखणं आहे. आजोबांनी बांधलेलं घर मृत्युपत्राशिवाय नातवंडांकडे आलेलं असतं, नावावर कोणाच्याच नसतं. काळ्या कुटुंबांत हे फार दिसतं, आणि २००५ च्या कतरिना वादळानंतर अशा कितीतरी कुटुंबांना मालकी सिद्ध न झाल्याने मदत मिळाली नाही. २०२१ मध्ये फेमाने नियम सैल केले. आता आणखी काही प्रकारचे कागद चालतात आणि वारसाहक्काच्या घरासाठी दुसरा पुरावा नसेल तर मालकाचं स्वतःचं लेखी निवेदनही घेतलं जाऊ शकतं. हे त्या कुटुंबाला कोणीतरी सांगावं लागतं. मंडळीत स्पॅनिश किंवा व्हिएतनामी बोलणारं कोणी असेल तर त्यांचा वेळ सोन्यासारखा आहे, गल्फ किनाऱ्यावरच्या अनेक घरांत या भाषा बोलल्या जातात.

ज्यांना मदत करायची ते हात जोडून वाट पाहत बसलेले असतात, अशी समजूत तुमच्या लोकांत असेल तर त्यांना न्यू ऑर्लिन्सच्या पूर्व भागातल्या 'मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम' या कॅथलिक मंडळीबद्दल सांगा. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना आलं आणि शहराचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. ही व्हिएतनामी वस्ती शहरात सर्वांत आधी परतलेल्यांपैकी होती. पाळकांनी पांगलेल्या कुटुंबांना शोधून काढलं आणि माणसं चर्चभोवती गोळा झाली. पुढच्या वर्षी वस्तीजवळ वादळाच्या कचऱ्याचं मैदान उघडलं, तेव्हा याच लोकांनी रस्त्यावर उतरून ते बंद पाडलं. अशा मंडळीला बाहेरून आलेल्यांनी काय करायचं ते शिकवायचं नसतं. त्यांनी ठरवलेल्या कामाला हात लावायचा असतो.

आता त्या दोन वर्षांबद्दल. लुईझियानातल्या लेक चार्ल्स शहराचं उदाहरण देते. २७ ऑगस्ट २०२० ला लॉरा आलं. सहाच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, डेल्टा आलं आणि लॉराने उघडी पाडलेली छतं पुन्हा भिजली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कडाक्याच्या थंडीत नळ फुटले, मे महिन्यात अतिवृष्टीने घरांत पाणी शिरलं. तोवर देशाचं लक्ष कधीच दुसरीकडे गेलं होतं आणि निळ्या ताडपत्र्या मात्र छतांवरच होत्या. स्वयंसेवकांची गर्दी पहिल्या दोन महिन्यांत होते. खरं घरबांधणीचं काम चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर सुरू होतं, कारण विमा, फेमा आणि परवाने यांतून कोणाला काय मिळालं नाही हे तेव्हा कळतं. त्या सुमारास गावातली चर्चं आणि संस्था मिळून दीर्घकालीन पुनर्वसन गट बनवतात. प्रत्येक कुटुंबामागे एक कार्यकर्ता असतो. तो गटाच्या बैठकीत सांगतो की अमक्या घराला सगळ्या मदतीनंतरही इतके डॉलर आणि इतके सुतार कमी पडतात. तुमच्या मंडळीने त्या टेबलापाशी बसावं. म्हणून माझा आग्रह असा की जमलेल्या अर्पणातला निम्म्याहून जास्त भाग पहिल्या सहा महिन्यांत खर्चूच नका. सभासद विचारतील, 'पैसे अजून पडून का?' त्यांना दर महिन्याला उपासनेत हिशेब आणि कारण दोन्ही सांगा.

तिथे असताना प्रार्थना करावी का? जरूर करावी, घरमालकाला विचारून. पण मदतीसाठी कोणाला उपासनेला यायची, काही ऐकायची किंवा सही करायची अट कधीही घालू नका. काम चालू असताना तुमच्यातली एक व्यक्ती केवळ घरमालकाजवळ बसायला मोकळी ठेवा. चिखलातून निघालेला लग्नाचा अल्बम टाकायचा की वाळवायचा हे घरमालकिणीलाच ठरवू द्या, वेळ लागला तरी. आणि तिच्या परवानगीशिवाय तिच्या उद्ध्वस्त घरापुढे उभं राहून मंडळीच्या पत्रकासाठी फोटो काढू नका.

परतलेल्या स्वयंसेवकांकडेही बघा. पहिल्या आठवड्यात झोप न लागणं, चिडचिड होणं साहजिक आहे. पाळकांनी सर्वांना एकदा एकत्र बसवावं, ज्याला बोलायचं त्याने बोलावं.

वादळ येण्याआधी एवढं करून टाका: संप्रदायाच्या आपत्ती समन्वयकाला फोन, विमा एजंटला फोन, आणि किनाऱ्यावरच्या एका मंडळीची ओळख. शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं. मोसमाचा जोर १० सप्टेंबरच्या आसपास असतो, तेव्हा ते जुलैतच उरका. तिथल्या पाळकांचा नंबर, त्यांचा फोन बंद असला तर कोणाला विचारायचं, आणि त्यांची इमारत पाण्यात गेली तर मंडळी कुठे जमेल, हे तिन्ही कागदावर लिहून घ्या. वादळानंतर मोबाइल टॉवर पडतात, म्हणून गावाबाहेर राहणाऱ्या त्यांच्या एखाद्या नातेवाइकाचा नंबरही त्यात असू द्या. या कागदाच्या तीन प्रती काढा: एक तुमच्याकडे, एक पाळकांकडे आणि एक खजिनदाराकडे.